ड्यूशेन स्नायुक्षय आणि बालकाची पहिली दहा वर्षे

ड्यूशेन स्नायुक्षय हा प्रामुख्याने मुलग्यांना होणारा जनुकीय आजार जन्मापासूनच शरीरात असतो, परंतु त्याची लक्षणे बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांदरम्यान उघड होऊ लागतात. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ गियोम ड्यूशेन यांनी १८६० च्या दशकात त्याचे सविस्तर वर्णन केले म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. तो कशामुळे होतो हे कळायला मात्र १९८६-८७ साल उजाडावे लागले. त्या सुमारास एक्स गुणसूत्रावरील एक प्रचंड लांबीचे जनुक आणि त्या जनुकाच्या आधारे शरीरात तयार होणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शोधून काढण्यात आले. डिस्ट्रॉफिन हे स्नायुपेशीच्या आतील आकुंचन पावणारे तंतू पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवते आणि ते नसले की साध्या हालचालीनेही आवरणाला बारीक इजा होत राहते. लहान वयात स्नायू ही झीज भरून काढतात, पुढे ती क्षमता संपत जाते आणि स्नायूंच्या जागी चरबी व तंतुमय ऊती साचतात.

हा आजार मुळापासून बरा करणारा उपचार आज उपलब्ध नाही, आणि ही गोष्ट पालकांना स्पष्ट शब्दांत, परंतु घाई न करता सांगितली गेली पाहिजे. त्याच वेळी हेही सांगितले गेले पाहिजे की आजाराची गती मंदावणारे उपाय आहेत, त्यांतील बरेचसे साधे आणि बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यातले आहेत, आणि त्यांचा लाभ मुख्यतः ते वेळेवर सुरू करण्यावर व न कंटाळता चालू ठेवण्यावर अवलंबून असतो. घरातील पैसा, वेळ आणि माणसांची ताकद मर्यादित असते. ती चमत्काराच्या शोधात खर्च करायची की रोजच्या काळजीवर, हा निर्णय या घरांपुढे वारंवार येतो, आणि तो रोजच्या काळजीच्या बाजूने घेतला जावा असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिली खूण बहुधा घरातल्या जमिनीवरच दिसते. खाली बसलेले मूल उठताना आधी पालथे होते, चारही हातपाय टेकून कंबर वर उचलते, हात हळूहळू पायांकडे आणते आणि मग एकेक हात आपल्याच नडगीवर, गुडघ्यावर आणि मांडीवर रेटत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत, धड सरळ करते. ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली हे उठणे बारकाईने टिपले आणि आजही ते गॉवर्स चिन्ह म्हणूनच ओळखले जाते. दीड वर्षाचे होऊनही न चालणे, उशिरा बोलणे, दोन्ही पाय उचलून उडी न मारता येणे, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवणे, चवड्यावर चालणे आणि सतत पडणे या खुणा तिच्या आगेमागे असतात. पोटऱ्या मात्र भरलेल्या आणि टणक दिसतात, त्यामुळे नातेवाइकांना मूल गुटगुटीत वाटते आणि ते आळशी आहे, मोठे झाले की धावेल, अशी समजूत घातली जाते. या समजुतीत अनेकदा वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

शंका आल्यावर करायची पहिली तपासणी अगदी साधी आहे. सीपीके हे स्नायूंमधील विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, इजा झालेल्या पेशींतून रक्तात उतरते. निरोगी मुलात ते दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, तर ड्यूशेन असलेल्या मुलात बहुधा दहा हजारांच्या पुढे जाते. येथे एक गफलत वारंवार होते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही ज्यांना लोक काविळीच्या तपासण्या म्हणून ओळखतात ती विकरे स्नायूंमध्येही असतात, म्हणून तापाच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत ती वाढलेली आढळली की मूल यकृताच्या उपचारांकडे पाठवले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते. ज्या मुलाची ही विकरे वाढलेली आहेत पण कावीळ नाही, त्याचे सीपीके तपासलेच पाहिजे.

सीपीके वाढलेले आढळल्यावर निदान पक्के होते ते जनुकीय तपासणीने. डिस्ट्रॉफिनचे जनुक ७९ तुकड्यांत विभागलेले असून त्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. सुमारे दोन तृतीयांश मुलांमध्ये यांतील एक किंवा अनेक एक्सॉन गहाळ असतात, काहींमध्ये ते दुप्पट झालेले असतात, तर उरलेल्यांत एखाद्या अक्षराएवढा सूक्ष्म बदल असतो. पहिले दोन प्रकार एमएलपीए नावाच्या चाचणीत सापडतात. तिच्यात काही न आढळल्यास संपूर्ण जनुकाचे वाचन करावे लागते, त्यामुळे एका चाचणीचा अहवाल निर्दोष आला म्हणून आजार नाही असे समजू नये. पेशी जनुक वाचते ते तीन-तीन अक्षरांच्या गटांनी. गहाळ अक्षरांची संख्या तिनाच्या पटीत नसेल तर पुढचे सगळे वाचन चुकते आणि प्रथिन बनतच नाही, तर तिनाच्या पटीत असल्यास तोकडे पण काही प्रमाणात उपयोगी प्रथिन बनते आणि बेकर स्नायुक्षय हा सौम्य आजार होतो. हा नियम सर्वच मुलांना तंतोतंत लागू पडत नसला तरी कोणते एक्सॉन गहाळ आहेत ही माहिती पुढे औषधांची पात्रता ठरवताना लागते, म्हणून मूळ अहवाल जपून ठेवावा.

निदानाबरोबर घरात एक वेगळेच दुखणे शिरते, आणि त्याविषयी मोकळेपणाने लिहिणे आवश्यक आहे. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते आईकडून येते, एवढी माहिती अर्धवट कळली की दोषाचे बोट सुनेकडे वळते. वस्तुस्थिती अशी की सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो, आईच्या रक्तपेशींत तो नसतोच. आणि जिथे आई वाहक असते, म्हणजे तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर हा बदल असतो, तिथेही तो तिने काही केल्याने किंवा न केल्याने आलेला नसतो. गरोदरपणातील आहार, ग्रहण, पडणे किंवा औषधे यांचा त्याच्याशी संबंध नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घराण्यात झालेले लग्न हेही ड्यूशेनचे कारण नव्हे. नात्यातील लग्नांमुळे ज्यांची शक्यता वाढते असे इतर स्नायुरोग आहेत, पण त्यांची आनुवंशिकता वेगळी असते. डॉक्टरांनी हे पतीपत्नींना एकत्र बसवून आणि शक्य असल्यास आजीआजोबांसमोर सांगितले, तर पुढची कितीतरी वर्षे त्या घरात सुसह्य होतात.

वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहकता येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आईची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती वाहक असल्यास तिच्या बहिणींना व भाच्यांनाही त्याची कल्पना द्यावी. बदनामीच्या भीतीने ही माहिती दडवल्यामुळे एकाच कुटुंबात मावसभावंडांना आजार झाल्याचे आढळते. आई वाहक नसली तरी तिच्या काही बीजपेशींत बदल असू शकतो, त्यामुळे पुढील गरोदरपणात थोडी जोखीम राहतेच. अकराव्या ते तेराव्या आठवड्यादरम्यान वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रांत गर्भाची तपासणी करण्यास मुभा ठेवलेली आहे, म्हणून ती बेकायदेशीर असेल या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या मुलाचा जनुकीय अहवाल हाती असल्याखेरीज तिचा नीट उपयोग होत नाही. वाहक स्त्रियांच्या हृदयाचे स्नायूही कधीकधी दुबळे होतात, त्यामुळे आईने स्वतःच्या हृदयाची तपासणीही अधूनमधून करून घ्यावी, आणि नेमकी हीच तपासणी घरोघरी मागे पडते.

आजाराचा क्रम माहीत असणे नियोजनासाठी उपयोगी पडते. साधारण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत मूल नवी कौशल्ये शिकत असते, कारण त्याची वाढ आणि स्नायूंची झीज यांत वाढीचा जोर अधिक असतो. त्यानंतर घसरण सुरू होते आणि उपचारांशिवाय बहुतेक मुलांचे चालणे बारा-तेरा वर्षांच्या आत थांबते. पुढे हात, श्वसनाचे स्नायू आणि हृदय यांवर परिणाम होतो. पूर्वी बहुतेक मुले विशीच्या आसपास दगावत. स्टिरॉइड, हृदयाची औषधे आणि रात्री श्वासाला साहाय्य करणारी यंत्रे यांमुळे आता अनेकजण तिशीपर्यंत आणि त्यापुढेही जगतात, शिकतात, काम करतात. पाच वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार आज करताना त्याचे प्रौढपण गृहीत धरूनच तो केला पाहिजे.

उपचारांत सर्वाधिक महत्त्व स्टिरॉइडचे आहे आणि सर्वाधिक भीतीही त्याचीच असते. प्रेडनिसोलोन रोज दर किलो वजनामागे ०.७५ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकोर्ट ०.९ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मात्रा असून, मुलाची प्रगती थबकण्याच्या सुमारास, बहुधा चौथ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान, मेंदू व मज्जासंस्थेचे तज्ज्ञ ती सुरू करतात. चालणे काही वर्षांनी लांबते, पाठीच्या कण्याचा बाक कमी प्रमाणात येतो आणि श्वसनाची ताकद अधिक काळ टिकते, हे लाभ अनेक अभ्यासांत दिसले आहेत. दहा दिवस औषध आणि दहा दिवस विश्रांती ही पद्धत सौम्य म्हणून पुष्कळ वापरली जात असे. परंतु चार ते सात वयाच्या १९६ मुलांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात रोजच्या मात्रेचा परिणाम सरस ठरला. दोन्ही औषधे भारतात तयार होतात, त्यामुळे परदेशी औषधांच्या तुलनेत त्यांचा खर्च अगदी थोडा आहे.

दुष्परिणाम खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भूक वाढते, चेहरा गोल होतो, उंची खुंटते, मोतीबिंदू होऊ शकतो, हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, आणि अनेक मुले चिडखोर, हट्टी किंवा रडवेली होतात. हा चिडखोरपणा औषधाचा आहे हे घरातल्यांना ठाऊक नसेल तर मुलाला मार बसतो. ठाऊक असेल तर मात्रेबद्दल किंवा औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येते. गोळी सकाळी खाल्ल्यानंतर द्यावी. डोळे दरवर्षी तपासावेत, ड जीवनसत्त्वाची पातळी पाहावी, आणि मूल पाठदुखीची तक्रार करू लागले तर ती थकव्यावर न ढकलता मणक्याचा एक्स-रे काढावा. स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वी लसीकरण पूर्ण करून घेणे अत्यावश्यक आहे, कारण जिवंत जंतूंपासून केलेल्या लसी नंतर देता येत नाहीत. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत नसल्याने ती आठवणीने मागून घ्यावी लागते. औषध चालू असताना शेजारी किंवा शाळेत कांजिण्यांची साथ आली आणि मुलाचा रुग्णाशी संपर्क आला, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

एक नियम मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आपले नैसर्गिक संप्रेरक बनवणे जवळपास थांबवतात, म्हणून औषध अचानक बंद झाल्यास रक्तदाब आणि साखर घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. गावी जाताना गोळ्या घरी राहिल्या, कोणी स्टिरॉइड वाईट म्हणून दुसरे औषध सुचवले, किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही, ही तिन्ही कारणे सारखीच धोकादायक आहेत. तीव्र ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी मात्रा तात्पुरती वाढवावी लागते अथवा इंजेक्शनाने द्यावी लागते. ती किती, हे तज्ज्ञांकडून आधीच लिहून घेतलेले असावे.

औषधाइतकेच महत्त्व सांधे मोकळे ठेवण्याला आहे. दुबळ्या स्नायूंची लांबी हळूहळू कमी होत जाते आणि घोटा, गुडघा व खुबा आखडतात. यांत सर्वांत आधी आखडते ती टाचेमागची शीर. ती ताणण्याची कृती फिजिओथेरपिस्टकडून समोरासमोर शिकून घ्यावी. मुलाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवतात, एका हाताच्या तळव्यात त्याची टाच पूर्ण धरतात, आपल्या हाताचा पुढचा भाग त्याच्या तळपायाला लावतात, टाच खाली ओढत पाऊल नडगीच्या दिशेने सावकाश झुकवतात आणि पाऊल बाहेर वळू न देता वीस-तीस सेकंद तसेच धरून ठेवतात. मग सैल सोडून पुन्हा तेच. नुसता चवडा दाबला तर तळपायाचा मधला भाग वाकतो आणि शीर ताणलीच जात नाही, ही चूक पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे चालू राहते. ताण जाणवावा, दुखू नये. आठवड्यातून किमान चार ते सहा दिवस, अंघोळीनंतर किंवा झोपण्यापूर्वी गोष्ट सांगता सांगता हे केले तर ते टिकते. रात्री घोटा काटकोनात ठेवणारे स्प्लिंट वापरतात. चालताना मात्र ते बहुधा घालू नयेत, कारण चवड्यावर चालणे ही या मुलाची तोल सांभाळण्याची युक्ती असते आणि ती काढून घेतली की ते पडते.

व्यायामाने ताकद येते ही सर्वमान्य समजूत या आजारात घातक ठरू शकते. जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या, वजन उचलणे किंवा खूप पायऱ्या उतरणे यांत ताणल्या जात असलेल्या स्नायूला त्याच वेळी भार पेलावा लागतो आणि डिस्ट्रॉफिन नसलेल्या आवरणाला नेमकी तेव्हाच अधिक इजा होते. खेळल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर खेळ जास्त झाला असे समजावे. लघवी गडद तपकिरी झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटल्याची ती खूण असल्याने तातडीने रुग्णालय गाठावे. उलटपक्षी मुलाला बसवून ठेवणेही अयोग्य आहे. पाण्यात खेळणे आणि पोहणे, सपाट जागी चालणे, थकवा येईल तेव्हा थांबण्याची मुभा असलेला कोणताही खेळ त्याला हवाच. तेल लावून हलके चोळल्याने बरे वाटते, पण जोराच्या मालिशीने स्नायू परत येत नाहीत.

घराची रचनाही याच दृष्टीने पाहावी. जमिनीवरून उठणे ही त्याची सर्वांत कठीण हालचाल असल्याने जेवण, अभ्यास आणि अंघोळ शक्य तितकी उंच आसनावर व्हावी, उकिडवे बसायला लावणाऱ्या शौचकूपाऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची असावी, मोरी कोरडी राहावी आणि उंबरठ्यांना छोटा उतार द्यावा. घरात पंगत असेल तेव्हा त्याची खुर्ची पंगतीतच मांडावी, वेगळ्या खोलीत नव्हे. लांबच्या अंतरासाठी चाकाची खुर्ची किंवा मोठ्या मुलांची ढकलगाडी पालकांना पराभवासारखी वाटते आणि ती टाळण्यासाठी मुलाला जत्रेला, लग्नाला, सहलीला नेणेच बंद होते. चालू शकणाऱ्या मुलालाही ती वापरू द्यावी, म्हणजे तिथे पोहोचल्यावर खेळायला त्याच्या पायांत बळ उरते.

आहाराबाबत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच की स्टिरॉइडमुळे वाढलेली भूक बिस्किटे, फरसाण, साबुदाणा आणि गोड पेये यांवर भागवू नये. वाढलेला प्रत्येक किलो दुबळ्या पायांनाच वाहायचा असतो. डाळी, ताक, अंडी, भाज्या आणि १०० ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी यांवर भर असावा, आणि हा आहार साऱ्या घराचा असावा. एकट्याच्याच ताटातून पदार्थ काढून घेतले की त्याला ती शिक्षा वाटते.

हृदयाचा इको किंवा एमआरआय निदानाच्या वेळी आणि नंतर दरवर्षी व्हावा, कारण या मुलांच्या हृदयाचे स्नायू दुबळे होऊ लागले तरी धावपळ कमी असल्याने दम लागणे, सूज येणे अशा खुणा दिसत नाहीत. हृदय वाचवणारी औषधे साधारण दहाव्या वर्षापर्यंत, लक्षणांची वाट न पाहता सुरू करण्याचा प्रघात आहे. पाच-सहा वर्षांपासून फुफ्फुसांच्या क्षमतेचीही नियमित मोजणी करावी.

आता चमत्काराच्या बाजाराकडे वळणे भाग आहे. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, टोचून स्नायू परत आणण्याचे आश्वासन देणारी केंद्रे भारतात आहेत आणि तेथे पालक शेत विकून, दागिने मोडून पैसे भरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विशिष्ट आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ रीतसर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे शुल्क घेतले जात नाही. जिथे शुल्काची पावती मिळते तिथे चाचणी नसून विक्री चालू आहे, हे ओळखावे. घटक न छापलेली भस्मे आणि चूर्णे यांत शिसे, पारा किंवा छुपे स्टिरॉइड असू शकते, त्यामुळे तीही दूर ठेवावीत.

खऱ्या संशोधनाची स्थिती आशादायक पण गुंतागुंतीची आहे. बिघडलेल्या भागाशेजारचा एक्सॉन गाळून वाचन पुन्हा जुळवणारे पहिले औषध, एटेप्लिर्सेन, अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाले. ते एक्सॉन ५१ शी संबंधित असल्याने साधारण १३ टक्के मुलांनाच लागू पडते आणि त्याचा लाभ कितपत आहे याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. विषाणूच्या कवचातून तोकडे जनुक स्नायूंत पोहोचवणाऱ्या उपचाराला तेथे जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्याची किंमत ३२ लाख डॉलर ठेवण्यात आली, परंतु त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत मुख्य निकष साध्य झाला नाही; २०२५ मध्ये तो घेतलेल्या, चालणे थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यावर त्याचा वापर चालू शकणाऱ्या मुलांपुरता मर्यादित करण्यात आला. एवढी रक्कम लोकवर्गणीतून उभी करण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने हे सारे आधी तज्ज्ञांशी बोलून घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेनचा समावेश तिसऱ्या गटात आहे आणि अधिसूचित केंद्रांमार्फत कमाल ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. ग्रामीण भागातील कुटुंबांसाठी अंगणवाडी व शाळांत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि जिल्हा रुग्णालय ही पहिली दारे आहेत.

शाळेच्या बाबतीत पालकांची पहिली प्रतिक्रिया मुलाला घरी ठेवण्याची असते, आणि ती चुकीची आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्नायुक्षयाचा स्वतंत्र उल्लेख असून, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आजार वाढता असल्याने सुरुवातीला कमी टक्केवारी मिळाली तरी काही काळाने फेरतपासणी मागावी आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, काढून ठेवावे. परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक आणि प्रवासातील सवलती यांसाठी ते लागते. वर्ग तळमजल्यावर असणे, पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवणे, मधल्या सुटीच्या गर्दीआधी पाच मिनिटे शौचालयात जाऊ देणे आणि शिक्षा म्हणून उभे न करणे, एवढ्यानेही पुष्कळ काम होते.

शिक्षकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी पालकांनाही क्वचितच सांगितली जाते. डिस्ट्रॉफिनचे काही प्रकार मेंदूतही असतात, आणि म्हणून या मुलांपैकी काहींना ऐकलेले शब्द थोडा वेळ मनात धरून ठेवणे कठीण जाते. वही काढ, तारीख लिही आणि फळ्यावरचे उतरव या तीन सूचना एका दमात दिल्या की मूल पहिलीवरच अडते आणि लक्ष देत नाही असा शिक्का बसतो. वाचनाच्या अडचणी, अतिचंचलता आणि स्वमग्नता यांचे प्रमाणही या मुलांत इतरांपेक्षा अधिक आढळते. स्नायूंप्रमाणे हे वाढत जात नाही आणि शिकवण्याची पद्धत बदलल्यास पुष्कळ सुधारते, म्हणून शाळाप्रवेशाच्या वेळी मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यावी.

मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न पालक लांबणीवर टाकतात आणि दवाखान्यात मात्र त्याच्या देखत सर्व काही बोलले जाते. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरते की त्याचे स्नायू लवकर थकतात, त्यात त्याची चूक नाही, आणि म्हणून ते औषध घेते व ताणाचे व्यायाम करते. आठ-नऊ वर्षांचे मूल आजाराचे नाव विचारते आणि ते त्याला सांगावे, कारण ते त्याने दुसऱ्या कुणाकडून किंवा मोबाइलवर वाचून कळून घेणे अधिक क्लेशकारक असते. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे, त्यापुढचे नाही. त्याच्या बहिणीभावांनाही हे समजावून सांगावे, आणि त्यांच्यापैकी कुणाला भावाचा कायमचा सेवक न बनवता आठवड्यातला काही वेळ केवळ त्यांचा ठेवावा. या मुलालाही झेपतील अशी घरातली कामे द्यावीत, चुकल्यास रागवावे, त्याच्या मित्रांना घरी बोलवावे. त्याचा सारा दिवस औषधे, स्प्लिंट आणि तपासण्या यांतच गेला तर त्याचे बालपण त्यातच सरते, आणि ते नंतर देता येत नाही.

शेवटी एका कागदाविषयी. त्यावर मुलाचे निदान, वजन, रोजची स्टिरॉइडची मात्रा, आजारपणात द्यायची वाढीव मात्रा आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा दूरध्वनी असावा. एसजीपीटी वाढलेले असणे हे या मुलात स्नायूंमुळे अपेक्षित असून तेवढ्यावरून यकृताचा आजार मानू नये, असे त्यावर लिहावे. भूल देताना सक्सिनिलकोलिन हे औषध कटाक्षाने टाळावे आणि हुंगवून दिली जाणारी भूल शक्यतो वापरू नये, कारण दोन्हींमुळे स्नायू अचानक तुटून रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते, ही सूचना ठळक अक्षरांत हवी. दात काढण्यासारख्या लहान कामातही ती लागते. पडल्यानंतर किंवा हाड मोडल्यानंतर तासाभरात अथवा दिवसाभरात मूल धापा टाकू लागले किंवा गोंधळल्यासारखे वागू लागले, तर हाडांतील चरबीचे कण रक्तात जाऊन फुफ्फुसांत वा मेंदूत अडकल्याची शक्यता असते आणि त्यासाठी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच जावे लागते, हेही त्यात नोंदवावे. या कागदाच्या प्रती मुलाच्या दप्तरात, शाळेच्या कार्यालयात, व्हॅनच्या चालकाकडे आणि आजोळी असाव्यात. मात्रा वजनावर ठरते आणि वजन बदलत असते, म्हणून दर सहा महिन्यांच्या तपासणीनंतर जुन्या प्रती काढून घेऊन नव्या द्याव्यात.